पूर्ण मान वळवून

औषधं विकायची नोकरी मी पत्करली तेव्हा कंपनीनं मला एक जुनी मोटरसायकल दिली आणि कोलार, होसूर, तुमकूर हे तीन रस्ते दिले. पन्नासचं दशक सरत आलं होतं. आमचं घर चामराजपेटेत. सायकलपलीकडे आमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं.

गाडी बारा महिने चालवावी लागे. पावसाळ्यात तांबड्या चिखलात मागचं चाक आपल्या मर्जीनं जाई. डिसेंबरात सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालून निघायचो, तरी होसकोट येईपर्यंत बोटांना क्लच कळेनासा होई. सगळ्यात वाईट म्हणजे सुगी. शेतकरी रागीची आणि हुलग्याची ताटं सरळ रस्त्यावर पसरत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली फुकट मळणी व्हावी. त्यावर ब्रेक लावला की तेलावर लावल्यासारखं होई. पहिल्या वर्षात तीनदा पडलो. तिसऱ्यांदा खांदा निखळला आणि अंगभर खोकल्याचं औषध सांडून घेऊन बसनं घरी आलो.

बायकोनं सदरा धुवायला घेतला आणि म्हणाली, “एक तर ही नोकरी सोडा, नाहीतर नीट शिकून तरी या.”

शिकवणारे अण्णा आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे राहत. तेही आमच्यासारखेच, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेल्या मराठी घरातले. महायुद्धात ते सैन्यात होते, मोटरसायकलवरून निरोप पोहोचवत. आता पन्नाशी उलटली होती. दर रविवारी सकाळी मैदानावर रॉकेलचे रिकामे डबे मांडून ते आम्हा सात-आठ जणांना शिकवत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “ज्याला येत नाही त्याला कुणीही शिकवील. आपल्याला येतं असं ज्याला वाटतं, त्याला मी शिकवतो.”

त्यांनी मला सगळं मोडून पुन्हा बसवलं. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक किती आणि मागचा किती, खडीवर हँडल सैल का धरायचं, वळणात कुठं पाहायचं. “स्वल्प हळू,” ते ओरडत, “गाडीला घाई नाही, तुलाच आहे!” स्वतः गाडी चालवताना ते प्रत्येक वळणाआधी मान खांद्यापर्यंत पूर्ण वळवून पाहत, आधी डावीकडे, मग उजवीकडे. आम्हाला वाटे ही सैन्यातली शिस्त. आम्हीही तशीच मान वळवू लागलो. एकमेकांना त्यावरून गुणही द्यायचो.

दुसऱ्या वर्षी, पाऊस संपल्यावर, ते मला एकट्याला सर्जापूरच्या रस्त्यावर घेऊन गेले. तेव्हा तिथं नुसती शेतं होती. अण्णा पुढे, मी मागे. डाव्या बांधावरून एक बैलगाडी रस्त्यावर चढत होती. मला ती लांबून दिसली. अण्णांनी वेग कमी केला नाही. बैलांची शिंगं त्यांच्या हँडलपासून हातभर उरली तेव्हा मी जीव खाऊन हॉर्न वाजवला. ते कसेबसे उजवीकडे गेले. गाडीवान शिव्या देत निघून गेला.

अण्णांनी गाडी चिंचेखाली लावली. बराच वेळ हातमोजे काढत राहिले.

“गाडी दिसली नाही का, अण्णा?”

“समोरचं दिसतं,” ते म्हणाले. “बाजूचं गेलंय. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. उरलेली किती दिवस, तेही सांगत नाहीत.”

मला एकदम ती मान आठवली. ती शिस्त नव्हती. बाजूचं जग दिसावं म्हणून ते अख्खं डोकं फिरवत होते.

“मग चालवता कशाला?”

“दुसरं काय करू? गाडीवरून उतरलो की मी कोण?” मग म्हणाले, “अक्काला बोलू नकोस. ती ऐकून झोपायची नाही.”

अक्का म्हणजे त्यांची बायको. मी सरी म्हणालो, म्हणजे ठीक आहे. त्या दिवसापासून अण्णांना कुठं लांब जायचं असलं की मी त्यांच्या मागे बसे. डावीकडून काही आलं तर डाव्या कुशीला हात लावायचा, उजवीकडून आलं तर उजव्या. लोकांना वाटे चेला गुरूला सोडत नाही. मलाही त्याचा अभिमान वाटू लागला होता, हे कबूल करायला हवं.

दीडेक वर्ष असं चाललं. मग शहरात मोटरसायकलींचं प्रदर्शन भरलं. मंडप, झेंडे, लाउडस्पीकर, नव्या रंगाच्या गाड्या रांगेत उभ्या. लोक सहकुटुंब येत, टाकीवर हात फिरवून जात. मीही बायकोला घेऊन दोनदा गेलो. भरवणाऱ्या विक्रेत्यांनी अण्णांना बोलावणं धाडलं: शेवटच्या दिवशी नव्या गाडीवर कसरतीचं चालवणं दाखवा. मैदानात वाळूनं भरलेली पिंपं मांडली होती, त्यांच्यामधून नागमोडी जायचं. मागे कुणी बसलेलं चालणार नव्हतं.

मी म्हणालो, “नको म्हणा.”

“एकदाच,” अण्णा म्हणाले. “मग सोडतो. तुझ्या गळ्याची शपथ.”

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं मैदान पायी फिरलो. या पिंपापासून त्या पिंपापर्यंत किती पावलं, कुठं वळायचं, कुठं गिअर उतरवायचा, हे त्यांनी चारदा चालून पाठ केलं. डोळे मिटूनसुद्धा चालून दाखवलं. संध्याकाळी पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात चिखल झाला होता. तिथली दोन पिंपं भरवणाऱ्यांनी आत, कोरड्या जागी सरकवली होती. फार नाही, दोन हात. मी धावतच मंडपात गेलो. अण्णांच्या गळ्यात हार होता. भोवती आमचे रविवारचे सगळे शिकाऊ, दोन-तीन विक्रेते, कुणी साहेब. अक्का नवी साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या.

“अण्णा, कोपऱ्यातली पिंपं…” मी कानाशी लागून म्हणालो.

“सरी, सरी, बघितलंय,” ते हसत म्हणाले आणि साहेबांकडे वळले.

बघितलं नव्हतं. ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी त्यांचा हात धरून बाजूला नेऊ शकलो असतो. भरवणाऱ्यांकडे जाऊन पिंपं परत लावून घेऊ शकलो असतो. पण मग का, असं त्यांनी विचारलं असतं आणि चारचौघांत अण्णांचं बिंग फुटलं असतं. म्हणून मी त्या “बघितलंय” वर विश्वास ठेवायचं ठरवलं. ते मला सोयीचं होतं.

पहिली पाच पिंपं त्यांनी अशी घेतली की लोकांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत. कोपऱ्यावर त्यांनी मान वळवली, पण थोडी उशिरा. डाव्या बाजूचं पिंप त्यांच्या पायावर आलं. आवाज मोठा नव्हता. गाडी आणि पिंप यांच्यामध्ये पाय अडकला, मग गाडी त्यांच्या अंगावर पडली आणि इंजिन तसंच चालू राहिलं. लाउडस्पीकरवर कन्नडमधून एका गॅलनात किती मैल ते सांगणं चालू होतं. मी पोहोचलो तेव्हा गरम सायलेन्सरचा आणि भाजलेल्या कातड्याचा वास येत होता. ते ओरडत नव्हते. “किल्ली बंद कर,” एवढंच म्हणाले.

आठ दिवसांनी पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. जखम चिघळली होती.

इस्पितळाच्या व्हरांड्यात अक्का बाकावर बसल्या होत्या. मी समोर उभा राहिलो. आता बोलायलाच हवं होतं.

“अक्का, मला ठाऊक होतं. अण्णांना बाजूचं दिसत नव्हतं.”

त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर, नुसता थकवा होता.

“मला काय ठाऊक नव्हतं?” त्या म्हणाल्या. “ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहायचं. दोन वर्षं मी सगळं समोर वाढत होते. दाराला खांदा लागला तर म्हणायचे, दारच वाकडं आहे. मी म्हणायचे, हो, वाकडंच आहे.”

“मग तुम्ही थांबवलं का नाही?”

“मला वाटलं तुम्ही थांबवाल. तुम्ही बाहेर त्यांच्याबरोबर असता. तुमचं ऐकतील असं वाटलं.”

मी मात्र त्यांना काहीच ठाऊक नाही असं धरून चाललो होतो. दोन माणसं एका माणसाची अब्रू राखत बसली होती. आत बोलावेपर्यंत मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

मैदानावरची शिकवणी बंद पडली. शिकाऊंपैकी दोघांनी मला ती चालवायला सांगितलं. मी नाही म्हणालो. माझी नोकरी मात्र चालू राहिली, तेच तीन रस्ते, तोच चिखल, तीच रागी. पडलो नाही पुन्हा. त्याचं कौतुक वाटेना.

रविवारी मी अण्णांकडे वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाई. पुढच्या तीनेक वर्षांत त्यांना समोरचंही दिसेनासं झालं. ते बोलत हवापाण्याबद्दल, रस्त्यांबद्दल. कोलारच्या रस्त्याला डांबर पडलं का, असं विचारत. अपघाताचा विषय कधी निघाला नाही. एकदाच, वाचता वाचता मी पान उलटत असताना, त्यांनी मला थांबवलं.

“त्या दिवशी पिंपं सरकवली होती ना?”

“हो.”

“तू पाहिली होतीस.”

“पाहिली होती.”

“आणि मी बघितलंय म्हणालो.”

“हो, अण्णा.”

“मी खोटं बोललो ते तुला कळलं होतं का?”

मी हो म्हणालो. ते मान हलवत राहिले, आणि माझ्याकडे नाही तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “मला वाटत होतं तुला कळलं नसेल. तेवढ्यावर मी इतके दिवस काढले.”

मग वाच पुढे म्हणाले. मी वाचलं, पण काय वाचलं ते मला आठवत नाही.