उठायची माझी रीत

माझ्या पोटऱ्यांनी माझा घात केला. मांड्या सुकत चालल्या होत्या, पण पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या टरारलेल्या. त्या बघून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला तालमीत घातलं. बैठक मारायला मी खाली गेलो की वर येत नसे. वस्ताद म्हणत, "आळशी हाय पोरगं." डॉक्टरांनी स्नायूंचा आजार म्हणून सांगितलं तेव्हा कुठे तालीम सुटली.

नव्या पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. घरापासून तिथवर मी एकटा चालत जाई. ते चालणं सुटलं की आपल्या नशिबी घरातला कोपरा, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रस्त्यात जीव थाऱ्यावर नसे. तेव्हा पेठेत टांगे आणि बैलगाड्यांची दाटी. कुणाच्या गाठोड्याचा धक्का लागेल, कुठे पाणी सांडलेलं असेल, डोळे सारखे जमिनीवर. आधी गुडघा दगा देई, मग सगळा मी.

पडण्याची मला तितकी चीड नव्हती. चीड होती उचलणाऱ्यांची. माझी उठायची रीत होती. पालथं व्हायचं, गुडघ्यांवर यायचं, ढुंगण वर करायचं आणि आपल्याच मांड्या हातांनी धरत धरत वर चढायचं. दिसायला माकडचेष्टा, पण मी उभा राही. मधेच कुणी दंडाला हिसका दिला की पुन्हा आडवा. यात अप्पा सगळ्यांच्या पुढे. लोक बघतायत म्हणून त्यांचा जीव वरखाली होई.

एकदा भर गर्दीत दुकानासमोरच कोसळलो. मंद्रूपचं एक गिऱ्हाईक धावलं.

"पैलवान, काय झालं? पोटऱ्या तर लई दणकट हाईत की."

"हात लावू नका," मी खेकसलो.

अप्पा गादीवरून उतरले. आता हिसका बसणार म्हणून मी अंग आवळून घेतलं. पण ते पांढऱ्या धोतरासकट माझ्याजवळ धुळीत बसले आणि त्या माणसाला म्हणाले, "थांबा. त्याचं त्याला उठू द्या." मग मला म्हणाले, "सावकाश. मला कुटं जायाचं न्हाय."

केवढा आनंद झाला मला. गुडघ्यांवर आलो. मांडीवर हात रोवला. मांडीनं भार पेललाच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अप्पा मुद्दाम दुसरीकडे बघत बसले होते.

"अप्पा," मी म्हणालो, "उचला आता."

त्यांचे हात काखेत आले तेव्हा मला रडू फुटलं, भर नव्या पेठेत.