दोन सह्यांचे सुभेदार

सुभेदारांना कुणीही, कशासाठीही हाक मारली तरी उत्तर एकच यायचं, "हाजिर!" सुनेनं जेवायला बोलावलं तरी हाजिर, सोसायटीच्या शिपायानं नाव पुकारलं तरी हाजिर. फौज सोडून वीस वर्षं झाली होती, पण हा शब्द काही सुटला नव्हता. मी त्यांच्या कोरेगावाकडच्या गावात कृषी सहायक होतो. मुद्दाम लांबून हाक मारायचो आणि उसाच्या फडातून तो खणखणीत आवाज यायचा.

गावात नवं काही सुरू झालं की नारळ सुभेदारांच्या हातून फुटायचा. दुकान असो, बोअर असो की पिठाची गिरणी. त्यांचा हात लागला की बरकत येते असा गावाचा समज, आणि तो सुभेदारांनाही आवडायचा. त्यासाठी कडक इस्त्रीची पांढरी टोपी वेगळी ठेवलेली असे. माळावरचं बंद पोल्ट्रीचं शेड एका बाहेरच्या शेठनं जनावरांच्या औषधांच्या कारखान्यासाठी भाड्यानं घेतलं, तेव्हाही नारळ त्यांनीच फोडला. वर शेठला घरी नेऊन चहा पाजला.

आठ महिन्यांनी तिथं धाड पडली. औषधबिवषध काही नव्हतं, नशेची पावडर बनत होती आणि पार परदेशापर्यंत जात होती. शेठ आदल्याच दिवशी विमानानं पसार झाला होता. त्याला आतूनच कुणीतरी खबर दिली असणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक मी, सरकारी नोकर म्हणून धरून आणलेला. दुसरा मिळेना, गाव दारं लावून बसलं. मग सुभेदार आपणहून आले, टोपी न घालता. पोलीस अधिकारी म्हणाले, "या वयात कशाला या भानगडीत पडता?"

"नारळ मी फोडलाय न्हवं? मग सई बी मीच करनार."

पावडरीच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यांवर आम्ही सह्या केल्या, मग पंचनाम्यावर केल्या. माझा हात थरथरत होता, त्यांचा नव्हता. आठवड्याभरात मोटारसायकलवरून दोघं माझ्या दारात आले आणि मुलगी कोणत्या शाळेत जाते, एवढंच गोड आवाजात विचारून गेले. मी बदली मागून आष्ट्याला पळालो. सुभेदारांना सांगितलंसुद्धा नाही. त्यांचाच फोन आला. "सायेब, भ्यालासा व्हय? भ्या मला बी वाटतंय. पर सई केलीया आपन."

शेठ आखातातल्या एका देशात सापडला. आपल्या सरकारनं त्याला मागितलं, पंचनाम्याची भाषांतरं झाली, कागद तिकडे गेले आणि वर्षं सरत गेली. एक दिवस तिकडच्या कोर्टाची शंका आली. पंचनाम्यावर सुभेदारांची सही मराठीत होती आणि पुड्यांवर इंग्रजीत. हे दोन वेगळे इसम आहेत, पंच बनावट आहे, असं शेठच्या वकिलाचं म्हणणं. चूक आम्हा कुणाच्याच ध्यानात आली नव्हती, आणि तेवढ्यावर तो सुटला असता.

आम्हा दोघांना साताऱ्याला बोलावलं. पडद्यावर परदेशातले न्यायाधीश, मध्ये दुभाषा. सुभेदार कोटावर पदकं लावून बसले होते. म्हणाले, "आवं, पलटनीत सई इंग्रजीत शिकिवली, सरकारी कामाला तीच चालती. पुड्या सरकारात जमा व्हनार, म्हनून तितं इंग्रजी. पंचनामा मराठीत लिवला, म्हनून त्याच्यावर मराठी. मानूस एकच हाय." न्यायाधीशांनी दोन्ही सह्या समोर करून दाखवायला लावल्या. बाहेर आल्यावर सुभेदार मला म्हणाले, "एवढ्या लांबचं लोक आपल्या सईसाटी खोळंबल्यात. आपन घरात बसून कसं चालंल?"

शेठला परत धाडायचा निकाल लागला, आणि त्याच सुमारास सुभेदारांना अर्धांगवायू झाला. भेटायला गेलो तर ते पलंगावर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सह्या गिरवत होते. रोज सकाळी एक मराठी, एक इंग्रजी. अक्षरं वाकडीतिकडी पळत होती. "त्यो येस्तवर हात सरळ झाला पायजे," म्हणाले. मग कागद बाजूला ठेवून विचारलं, "सायेब, मी न्हाई ऱ्हायलो तर तुमी येनार न्हवं?"

"असं काय बोलता, सुभेदार!" मी म्हणालो. ते काही उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनाही कळलं. त्या दिवशी नुसतं हो म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं?

शेठला आणलं त्याच्या पंधरा दिवस आधी सुभेदार गेले. सुनेनं कॅलेंडरचं शेवटचं पान माझ्या हातात दिलं. मराठी सही पुरी होती, इंग्रजी अर्धीच राहिली होती.

साक्षीचं समन्स त्यांच्याही नावानं निघालं होतं. कोर्टाच्या शिपायानं बाहेर येऊन त्यांचं पूर्ण नाव तीनदा पुकारलं. ते या जगात नाहीत हे ठाऊक असूनही मी जिन्याकडे बघत राहिलो. मग माझं नाव आलं, आणि माझ्याच तोंडून निघालं, "हाजिर!"

पिंजऱ्यातून शेठ माझ्याकडे बघत होता. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे केला, मग पुडी. दोन्ही सह्या कुणाच्या, त्यांनी विचारलं. मी सुभेदारांचं नाव सांगितलं. माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी केल्या, म्हणालो.

"आणि त्याखालची ही तिसरी?"

सही इतकी वेडीवाकडी होती की माझी मलाच लाज वाटली.

"माझी," मी म्हणालो.