न घसरणारी मॅट

आर्डिस हॉगलंडची हनुवटी जमिनीवर आपटली तेव्हा चर्चच्या तळघरात डझनभर बायका आणि एक पुरुष ढुंगण वर करून ओणवे उभे होते. योगाच्या वर्गात हे आसन येतंच, त्याला कुत्र्याचं नाव आहे. बाकी सगळ्यांचे हात जागच्या जागी होते. आर्डिसचे मात्र ओल्या साबणावर ठेवल्यासारखे पुढे पुढे सरकत गेले आणि ती तोंडावर आली. "काही नाही, काही नाही, मस्त आहे मी," असं ती जमिनीवरूनच म्हणाली. आमच्या टू हार्बर्स गावचा माणूस सरोवरात बुडताना सुद्धा हेच म्हणेल.

मस्तबिस्त काही नव्हती. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ही तिची तिसरी मॅट होती.

आता सत्तरी ओलांडलेल्या बाईला हा उद्योग हवा कशाला, असं कुणी विचारेल. आर्डिसलाही हौस नव्हती. तिने जन्मभर शाळेची बस चालवली. गावातल्या निम्म्या लोकांना तिने आरशातून "खाली बस!" म्हणून दरडावलेलं आहे, त्यातले काही आता आजोबा झालेत. व्यायाम म्हणजे बर्फ उपसणं, एवढंच तिला ठाऊक होतं. पण मागच्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात शेगडीखाली झाडायला म्हणून ती जमिनीवर बसली आणि तिला उठताच येईना. गुडघे ऐकेनात, आणि धरायला हाताशी काही नाही. नवरा ऑर्व्हिल जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी कारी मिनियापोलिसहून दुपारी आली, तर आई जमिनीवर पाय पसरून बसलेली.

"आई! अशी किती वेळ बसली आहेस?"

"अगं, बसले होते आपली. रेडिओवर काहीतरी छान चाललं होतं."

"मग ऊठ."

आर्डिस उठली नाही. ती न्याहारीनंतर बसली होती, आणि रेडिओ बंद होता.

कारी आधी रडली, मग चिडली, आणि मग ऑफिसात बोलते तशी बोलायला लागली. पुढच्या नाताळात आईने तिच्यासमोर जमिनीवर बसायचं आणि कशालाही न धरता उठायचं. उठली तर या घरात खुशाल राहावं. नाही उठली तर बर्फ वितळला की घर विकायचं आणि कारीच्या घराजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत राहायला जायचं. ती वसाहत आर्डिसने पाहिली होती. तिथे प्रत्येक भिंतीला कठडा होता आणि दुपारी सगळ्यांना गोळा करून आकड्यांचे खेळ खेळवत. तिच्या खिडकीतून लोहखनिज न्यायला येणारी जहाजं दिसत, ती सोडून तिला कुठेही जायचं नव्हतं.

म्हणून योगा. चर्चच्या तळघरात जिआना नावाची एक तरुण मुलगी वर्ग घेई. ती न्यू जर्सीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली, आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारी. पहिल्याच दिवशी ती आर्डिसला म्हणाली, "जमिनीवरून उठायचंय ना? मग जमिनीवरच सराव करायचा. रोज." आर्डिसला हे पटलं. रोज करायचं ठरलं, आणि तिथेच मॅटचं घोडं अडलं.

चर्चच्या सामायिक मॅट कागदासारख्या पातळ होत्या. गुडघा टेकला की थेट फरशी लागायची, आणि मॅटचे पोपडे अंगाला चिकटायचे. म्हणून आर्डिसने हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून सगळ्यांत जाड मॅट उचलून आणली. जाड म्हणजे चांगली, असा तिचा साधा हिशोब होता. गुडघ्यांना ती गादीसारखी वाटली खरी, पण एका पायावर उभं राहायचं म्हटलं की पाऊल आत रुतायचं आणि घोटा लटपटायचा. उठताना जोर द्यावा तर तो जोर सगळा त्या मऊपणात जिरून जाई. ती चिडून शेजारच्या बर्निसला म्हणाली, "दलदलीत उभं राहिल्यासारखं वाटतं गं." बर्निस म्हणाली, "बघ बाई, तुझं वजन तर कमी झालेलं दिसत नाही." बर्निस तिची लहानपणापासूनची मैत्रीण, म्हणून तिला तेवढी मुभा होती.

तिसरी मॅट घ्यायला आर्डिस डुलुथ शहरात गेली. नुसत्या योगाचंच दुकान, आत उदबत्तीचा वास, आणि केस बांधलेला एक तरुण विक्रेता.

"तुमचा सराव कुठल्या पद्धतीचा?" त्याने अदबीने विचारलं.

"लुथरन," आर्डिसने आपल्या चर्चचा पंथ सांगितला.

त्याने तिच्यापुढे एक जांभळी मॅट उलगडली. तिच्यावर कमळं, चंद्रकोरी आणि मधोमध एक भला मोठा डोळा. आर्डिसने ती पाहिली आणि म्हणाली, "वेगळंच आहे हं." आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. एखाद्या सुनेने आणलेल्या पदार्थाला "वेगळंच आहे हं" म्हटलं तर ती सून पुन्हा वर्षभर काही रांधून आणत नाही. पण हा पोरगा कुठल्या राज्यातून आला होता कोण जाणे, त्याचा चेहरा खुलला. "मला माहीतच होतं तुम्हाला आवडेल!" म्हणत त्याने ती गुंडाळली सुद्धा. मग त्याला आता नाही कसं म्हणायचं? हाताने घासून बघावी, तळवा ठेवून जोर लावून बघावा, एवढंही तिला सुचलं नाही. ती डोळा असलेली मॅट घेऊन घरी आली आणि वाटभर स्वतःवर चरफडत राहिली.

ती मॅट काचेसारखी गुळगुळीत होती. कुणी म्हणालं, नवी आहे, वापरून वापरून खरबरीत होईल. कुणी म्हणालं, मिठाने घास. आर्डिसने अंगणात मिठाने घासली, धुतली, वाळवली, परत घासली. मॅट ढिम्म. परत करायचा विचार आला, पण त्या पोराला किती वाईट वाटेल, या विचाराने तो सोडून दिला. आणि मग त्या गुरुवारी ती त्याच डोळ्यावर तोंड आपटून पडली.

"आर्डिस, हे असं चालणार नाही," जिआना म्हणाली. "तुम्ही मंगळवारच्या खुर्चीच्या वर्गाला जा. पडून हाड मोडलं तर मी काय करू?"

खुर्चीच्या वर्गात खुर्चीवरून उठायला शिकवत. जमिनीवरून नाही. पण आर्डिस म्हणाली, "बरं, जशी तुझी सोय."

जिआनाने तिच्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, स्वतःची काळी मॅट आणून तिच्यासमोर पसरली. "आजच्यापुरती ही घ्या. बघू मॅटचा दोष आहे की तुमचा."

ती अस्सल रबराची, दणकट, चांगली जड मॅट होती. वरून थोडी खडबडीत. आर्डिसने हात टेकले, ते टेकले तिथेच राहिले. गुडघ्याला फरशी लागत नव्हती आणि पाऊलही रुतत नव्हतं. वर्गाच्या शेवटी तिने एक गुडघा टेकला, दुसरा पाय पुढे घेतला, जोर लावला, आणि एक हात जमिनीला जरासा टेकून ती उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच.

"मॅटचाच दोष," जिआना म्हणाली. "मी नवी मागवली आहे. ही तुम्हीच ठेवा."

"अगं नको, नको. कशाला उगाच."

आता इथे आमची रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे पहिल्या 'नको'ला काही किंमत नसते. समोरच्याने दुसऱ्यांदा विचारायचं, तेव्हा 'तुला उगाच त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तू म्हणतेस तर' म्हणून घ्यायचं. पाळण्यातलं पोर सुद्धा हे जाणतं. आर्डिस दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभी राहिली. हात सुद्धा अर्धा पुढे आला होता.

"बरं," जिआना म्हणाली आणि वळली. "कुणाला हवी आहे का ही?"

डझनभर बायकांनी एकदम जमिनीकडे पाहिलं. आणि तेवढ्यात डेल, वर्गातला एकुलता एक पुरुष, शिकागोहून येऊन सरोवराकाठी बंगला बांधलेला, म्हणाला, "मला द्या की."

संपलं. मॅट त्याच्या काखेत गेली. आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "छान झालं, डेल. उपयोगी पडेल तुला." बर्निस गाडीत बसल्यावर म्हणाली, "शिकागोची माणसं! एका हाकेत घेतात." आर्डिस म्हणाली, "आणि आपण? आपण मरेपर्यंत तिसऱ्या हाकेची वाट बघत बसायचं." बर्निसने काच पुसली.

डेल दोनदा वर्गाला आला आणि मग यायचाच बंद झाला. एका शनिवारी किराण्याच्या दुकानाबाहेर त्याची उघडी गाडी उभी होती. मागे त्याचा लॅब्राडोर झोपला होता, नाक खाली करून, अगदी आरामात. त्याच्या अंगाखाली ती काळी मॅट होती. ज्या मॅटवर आर्डिसला कुत्र्याचं आसन करायचं होतं, तिच्यावर खराखुरा कुत्रा पसरला होता. आर्डिस दूध न घेताच घरी परतली. त्या दिवशी तिने जांभळी मॅट गॅरेजात फेकली, आणि मग ती स्वयंपाकघराच्या खुर्चीत बसून रडली, दुःखाने नव्हे, संतापाने. नाताळ तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी ती डेलच्या बंगल्यावर गेली, आणि रीत म्हणून लिंबाच्या बर्फ्या करून घेऊन गेली. डेलने कॉफी दिली. बर्फाबद्दल बोलून झालं, मासेमारीबद्दल बोलून झालं.

"तुझ्या कुत्र्याला झोपायला छान मिळालंय हं," आर्डिस म्हणाली.

"हो ना! फार आवडतं त्याला."

"जड असेल नाही ती? उचलायला?"

"नाही हो, काही जड नाही."

"रबराला उन्हाने भेगा पडतात म्हणे."

"पडू देत, कुत्र्याचीच तर आहे."

आर्डिसने कप खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते. "डेल, मला ती मॅट हवी आहे," ती म्हणाली. "तेव्हाही हवी होती. आता दे."

डेल म्हणाला, "अहो, मग तेव्हाच का नाही बोललात? न्या की!"

एवढंच. सबंध शरद ऋतूची तगमग एका वाक्याची होती. गाडीत मॅट टाकताना आर्डिसला आनंद झाला नाही. स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

तिने केस वेचून काढले, साबणाच्या पाण्याने मॅट पुसली, सावलीत वाळवली. वास पूर्ण गेला नाही. पण हात घसरत नव्हते. ती रोज सकाळी बैठकीच्या खोलीत बसायची आणि उठायची, बसायची आणि उठायची. आधी एका हाताने, मग बोटांनी, मग नुसत्या पायांच्या जोरावर.

नाताळच्या आदल्या दिवशी कारी आली. कोट काढायच्या आत आर्डिसने मॅट पसरली, खाली बसली, आणि कशालाही न धरता उभी राहिली. धाप लागली होती, पण ती हसत होती.

कारी हसली नाही. "आई, मॅटवर उठलीस. पण तू पडशील ती काय मॅटवर पडशील?"

आर्डिसला वाटलं, हिला उचलून बर्फात टाकावं. कारी बोलली ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच राग आला. तिने मॅट पायाने बाजूला सारली, स्वयंपाकघरात गेली आणि उघड्या फरशीवर धपकन बसली. गुडघा टेकला तेव्हा कळ डोक्यापर्यंत गेली. पहिल्यांदा ती अर्ध्यावरून परत बसली. कारी पुढे आली. "हात लावू नकोस!" आर्डिस ओरडली, एवढ्या मोठ्याने की दोघीही दचकल्या. दुसऱ्यांदा ती उठली. शेगडीला नाही, टेबलाला नाही, कशालाही धरलं नाही.

कारीने तिला घट्ट मिठी मारली. ती खरंच आनंदली होती, गाल ओले झाले होते. "शाब्बास आई. राहा तू इथेच. पुढच्या नाताळात परत बघू."

"परत?"

"मग? दर नाताळात बघायला नको का?"

आर्डिसला वाटलं होतं, एकदा उठलं की झालं, घर आपलं. कारी सामान आणायला गाडीकडे गेली. बाहेर एक जहाज धक्क्याला लागत होतं. आर्डिसने दोन्ही गुडघे चोळले, मुलीच्या नावाने एक अस्सल बसवाली शिवी हासडली, आणि उठायच्या सरावासाठी परत खाली बसली.