तीन ठिपक्यांचं स्वस्तिक

ती लाल गाडी अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खरं म्हणजे ती लाल नव्हतीच. निवृत्त झाल्यापासून लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मला मात्र आधी ही गाडी आठवते, कारण त्या प्रकरणात चुकलेला माणूस मी होतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. बढती मिळून मी वर्धा जिल्ह्यात आलो होतो आणि हिंगणघाट तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्या ठाण्यात दर सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास वडनेरकडचा एक माणूस हजेरी द्यायला यायचा. वय चाळिशीचं, धंद्यानं ड्रायव्हर. शेजारच्या जिल्ह्यात एका ठेकेदाराकडे तो नोकरीला होता. मालकाची दोन दारांची महागडी स्पोर्ट्स कार त्याच्या ताब्यातून चोरीला गेली, आणि चोरीचा आरोप त्याच्यावरच आला. जामीन मिळाला तो या अटीवर, की जवळच्या ठाण्यात दर आठवड्याला सही करायची. दीड वर्ष झालं, त्याचा एक सोमवार चुकला नव्हता. त्याला गावातून उचलून आणणारा, कोठडीत प्रश्न विचारणारा अधिकारी मीच होतो. त्या वेळी मी त्या शेजारच्या जिल्ह्यात होतो. आता योगायोगानं त्याच्या हजेरीच्या रजिस्टरवर माझीच सही व्हायची. आम्ही एकमेकांशी बोलत नसू. तो सही करायचा, पेन जागेवर ठेवायचा आणि जायचा. गावात त्याला कोणी गाडी चालवायला देत नव्हतं, हे मला बीट हवालदाराकडून कळत होतं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं. गाडी त्यानंच कुणाला तरी दिली, अशी माझी खात्री होती. चावी त्याच्या खिशात होती, आणि तसली गाडी चावीवाचून सुरू होत नाही.

एका शनिवारी हार्डवेअरचे एक दुकानदार ठाण्यात आले. शांतता समितीत असल्यामुळे ओळखीचे. मला वाटलं, काही तक्रार असेल.

"तक्रार नाई साहेब, सल्ला पाहिजे," ते म्हणाले. "पोरगं एक गाडी घेऊन राह्यलं. लाल रंगाची, दोन दारांची. नागपूरचा दलाल आहे. अर्ध्याहून कमी भावात देते म्हणते. पण ते ठोकलेली आहे. इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस करून टाकली होती. मंग दुरुस्त केली म्हणे."

"मग अडचण काय?"

"तिच्यात कोणी मेलं असंन त? माह्या घरात अशी गाडी नाई पाहिजे. पोरगं म्हणते, बाबा, तो माणूस स्वतःहून सांगते ना का ठोकलेली आहे, मंग खोटा कसा असंन? आता तुम्हीच सांगा, घ्यावं का नाई घ्यावं?"

मुलगा तिशीतला, दुकान सांभाळणारा, शहाणा होता. दलालानं दोन दिवस चालवून बघायला गाडी दिली होती. मी म्हटलं, आणा इकडे, आमचा ड्रायव्हर बघेल. मला स्वतःला गाड्यांतलं ढेकळ कळत नव्हतं. पण आमच्या जीपवरचे हवालदार मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये काम करून आलेले होते. पंधरा वर्षं त्यांनी आमची खिळखिळी जीप हातानं जिवंत ठेवली होती.

गाडी आली. अख्खं ठाणं बघायला बाहेर आलं. हवालदारांनी बॉनेट उघडलं, चाकांमागं हात घातला, खाली सतरंजी टाकून आडवे होऊन आत गेले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाहेर आले ते हात पुसत.

"साहेब, ही गाडी ठोकलीच नाई."

दुकानदाराचा मुलगा खूश झाला. "पाहा बाबा!"

"खूश काऊन होता दादा?" हवालदार म्हणाले. "कागदात लिवलं का पुढून चेपली. हिचा पुढचा एकही बोल्ट कोणी खोललेला नाई. कंपनीचा रंग जसाच्या तसा बोल्टवर आहे. न आतून तो पांढरा आहे, लाल नाई."

मी आवारात टाकलेल्या खुर्चीवरून उठलो.

हवालदारांनी मग सीटखालची चटई ओढून दाखवली. ज्या पत्र्यावर चॅसी नंबर ठोकलेला असतो, तेवढाच चौकोनी तुकडा कापून दुसरा जोडलेला होता. सांध्यावर घासून रंग मारलेला. आता सगळं उलगडलं. भंगारातली लाल गाडी कागदांसाठी विकत घ्यायची, तशीच दुसरी चोरायची, भंगाराचा नंबर तिला बसवायचा. वर ठोकलेली म्हणून सांगायचं, म्हणजे स्वस्त का, असं कोणी विचारत नाही. माझ्या नोकरीतला अनुभव आहे, की मुरलेला लबाड छोटा दोष स्वतःहून पदरात टाकतो. समोरच्याला वाटतं माणूस सच्चा आहे, आणि मग मोठी गोष्ट विचारायची राहून जाते.

शेवटी हवालदारांनी डिक्कीतली स्टेपनी उचलली. आतला पत्राही लालभडक होता. पण मधोमध तळहाताएवढी जागा पांढरीच राहिली होती, आणि तिच्यावर शेंदराचं स्वस्तिक होतं. तीन घरांत ठिपके, चौथं घर रिकामं. मी ते पाहिलं. काहीतरी टोचलं, पण काय ते ध्यानात येईना. स्टेशन डायरीत नोंद केली, पंच बोलावून गाडी जप्त केली आणि ताडपत्री टाकून आवारात उभी केली. दुकानदारांना म्हटलं, दलालाला काही कळू देऊ नका, सौदा पक्का करतो असा निरोप द्या.

सोमवारी तो हजेरीचा ड्रायव्हर आला. ताडपत्रीच्या बाजूनंच चालत आत आला. सही करायला वाकला, आणि त्याची मान बघताना मला कोठडीतला तो दिवस आठवला.

मी त्याला विचारलं होतं, गाडीची ओळखीची खूण सांग. तो म्हणाला होता, "साहेब, गाडीच्या पूजेच्या दिवशी म्या स्टेपनीखाली शेंदराचं स्वस्तिक काढलं. वरून मालकाले चालत नव्हतं. चौथा ठिपका राह्यला, शेंदूर पुरला नाई." आम्ही हसलो होतो. मी म्हटलं होतं, देवधर्म लिहायला जबाबात जागा नाही, गाडी कुणाला दिली ते सांग. आणि ते वाक्य मी लिहून घेतलं नव्हतं.

त्यानं पेन जागेवर ठेवलं, तसं मी त्याला थांबवलं. पण मी त्याला लगेच गाडी दाखवली नाही. आधी खुर्ची दिली. तो बसेना. "बसा," मी म्हटलं. दीड वर्षात मी त्याला पहिल्यांदा अहो-जाहो करत होतो.

"तुमच्या त्या गाडीत खूण काय होती?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "सांगितलं होतं तवा."

"पुन्हा सांगा."

त्यानं शब्दन् शब्द तेच सांगितलं. या वेळी मी स्वतः लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग पंचांसमोर ताडपत्री काढली. लाल गाडी बघून तो म्हणाला, "ही नाई साहेब, आमची पांढरी होती." हवालदारांनी स्टेपनी उचलली. तो वाकला, बोटानं रिकाम्या घराकडे दाखवलं आणि तिथंच गाडीला पाठ टेकून खाली बसला. रडला नाही. आम्हा कुणाला त्याला ऊठ म्हणण्याचा धीर झाला नाही.

बुधवारी दलाल सौदा करायला म्हणून आला, तो सरळ ठाण्यात. पक्का माणूस. जे विचारावं त्याला कागद पुढे करायचा. त्याला बोलता करण्यात मी वेळ घालवला नाही. रंगारी कोण, एवढंच विचारलं. गुरुवारी रंगारी आला. साठीचा, भिडस्त माणूस. त्याला मी चोरीचं अवाक्षर विचारलं नाही.

"सगळी डिक्की रंगवलीत, मग एवढीच जागा का सोडली?"

"देवाची खूण होती साहेब," तो म्हणाला. "त्याच्यावर फवारा माराले हात धजला नाई. कागद चिकटवला न बाजूनं मारला. कोणाले दिसते स्टेपनीखाली?"

"कागदावर लाल गाडी आहे. तुमच्याकडे आली तेव्हा कोणत्या रंगाची होती?"

"पांढ..." म्हणाला आणि थांबला. मग त्यानंच सगळं सांगितलं. ज्या गॅरेजसाठी तो रंग मारायचा, तिथं सर्व्हिसिंगला गाडी गेली असताना तिथल्याच एकानं दुसरी चावी करून घेतली होती. ड्रायव्हर पानठेल्यावर गेला आणि पाच मिनिटांत गाडी गेली. पानठेल्याचं ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून सांगत होता.

पुढं न्यायालयात अहवाल गेला, ड्रायव्हरची सुटका झाली, हजेरी बंद झाली. न्यायालयाच्या आदेशानं मूळ मालक गाडी न्यायला आला, त्या दिवशी मी ड्रायव्हरलाही बोलावलं. मालकानं त्याला पुन्हा नोकरीवर यायला सांगितलं. तो नाही म्हणाला. मला काहीतरी करावंसं वाटत होतं. मी म्हटलं, शेंदूर मागवतो, चौथा ठिपका तुमच्या हातानं टाका.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "पुरं असतं त तुम्ही ते ओळखलं असतं काय?"

मग त्यानं एकच मागणी केली. "मले नेलं तवा गाव पाहून राह्यलं होतं. सुटलो ते कागदावर आहे. कागद कोण वाचते? तुम्ही येऊन सांगजा."

मी गेलो. वर्दीत गेलो, तेव्हासारखाच जीपनं गेलो. ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. मी म्हटलं, यांनी चोरी केली नाही, यांचं म्हणणं खरं होतं. एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "मंग तवा काऊन नेलं?"

"माझी चूक झाली," मी म्हटलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत चारचौघांत हे मी एकदाच म्हणालो. ड्रायव्हर मागं भिंतीशी उभा होता. त्याची बायको दारातून बघत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निघताना बाजूच्या घरातला एक माणूस त्याला म्हणाला, उद्या ट्रॅक्टर घेऊन हिंगणघाटला जातो काय? तो हो म्हणाला.

दुकानदारांच्या मुलानं पुढं नवी साधी गाडी घेतली. वडील अजून भेटले की म्हणतात, "साहेब, आम्ही भेत होतो ठोकलेली म्हणून, न ते निघाली धडधाकट म्हणून खोटी." मी हसतो.

त्यानंतर मी कुणाचाही जबाब घेतला तर तो सांगेल ते सगळं लिहून घेतलं. देवधर्म, स्वप्न, शेजाऱ्याचं भांडण, सगळं. हाताखालचे लोक कंटाळायचे, साहेबांचा जबाब म्हणजे पोथी असते म्हणायचे. म्हणू दे. ज्या वाक्याला मी हसलो होतो, ते एका रंगाऱ्यानं कागद चिकटवून दीड वर्ष जपलं होतं. मला तर ते फक्त लिहायचं होतं.