बेसमेंटमधला सर्व्हर आणि शिवलेली नऊवारी

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या प्रत्येक मराठी माणसाचं प्रत्येक गोष्टीवर ठाम मत असतं, पण ते साधारण घरोघरच्या डब्यांच्या पॉटलकमधली बटाट्याची भाजी संपेपर्यंत टिकतं. पुरुषोत्तम देवपुजारींचं मत तीन वर्षं टिकलं. त्याला स्वतःचा बॅटरी बॅकअपही होता.

मत असं की, धंदा छोटा असो की मोठा, त्याची वेबसाइट आपल्याच घरात, आपल्याच मशीनवर असली पाहिजे. ‘‘दुसऱ्याच्या मशीनवर वेबसाइट ठेवणं म्हणजे शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये दही ठेवणं,’’ ते म्हणायचे. ‘‘विरजण आपलं, दूध आपलं, अन् खायचं असलं की त्याची बेल वाजवा.’’

या मताला कारण होतं. देवपुजारी मूळचे नागपूरचे. शिकागोतल्या एका विमा कंपनीत चौदा वर्षं ते कॉम्प्युटर सांभाळायचं काम करत होते. २००३ साली कंपनीच्या लक्षात आलं की हे काम पुण्यातूनही होऊ शकतं. मग रोज सकाळी साडेसातला, सहा आठवडे, देवपुजारींनी फोनवरून पुण्यातल्या प्रसन्न नावाच्या मुलाला आपलं काम शिकवलं. मुलगा इतका नम्र होता की त्याच्यावर रागावताही येईना. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, सर, तुम्ही फार छान समजावता. देवपुजारी ही गोष्ट पुढे सगळ्यांना सांगायचे: माझी नोकरी मी स्वतः, शुद्ध मराठीत, समजावून दिली.

आठ महिने ते घरी बसले. मग एका कम्युनिटी कॉलेजात लागले. हुद्दा सिस्टिम्सचा, काम मुख्यतः प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढायचं. जुन्या कंपनीने मोडीत काढलेला एक सर्व्हर मात्र त्यांनी घरी आणला. लहान फ्रिजएवढं ते धूड तिघांनी मिळून बेसमेंटमध्ये उतरवलं. त्याला बसायला नागपूरहून आलेला शिसवी पाट दिला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडू. घरात आलेल्या कुठल्याही जावयाचं इतकं कौतुक झालं नसतं.

त्या सर्व्हरवर साइट होती ती त्यांच्या पत्नीच्या धंद्याची. मृणालिनीबाईंनी एक साधी गोष्ट हेरली होती. अमेरिकेतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळाला गणपतीत एक तरी लावणी लागते, आणि नऊवार लुगडं हायस्कूलच्या बाथरूममध्ये पाच मिनिटांत नेसणं कुणालाच जमत नाही. म्हणून त्या शिवलेली नऊवारी करू लागल्या. पँटसारखी चढवायची, बाजूला चेन ओढायची, की झाली बाई तयार. मैत्रीण विनीता निऱ्या शिवायला मदतीला यायची. सुरुवातीला गिऱ्हाइकं गावातली होती. साइट झाल्यावर न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, टेक्ससहून मापं येऊ लागली.

साइट चांगली होती, फक्त चालू असली पाहिजे. शनिवारी सकाळी अकराला बायकांना जरा उसंत मिळते, आणि नेमकं त्याच वेळी देवपुजारी सर्व्हरची देखभाल काढायचे. व्हॅक्यूम क्लीनर लावला की बेसमेंटची वीज उडायची, म्हणून मृणालिनीबाईंना स्वतःच्या घरात केर काढायला परवानगी घ्यावी लागे.

२००७च्या जानेवारीत भाच्याच्या लग्नासाठी दोघं तीन आठवडे नागपूरला गेले. दुसऱ्याच दिवशी सर्व्हर बंद पडला. किल्ली शेजारच्या संजीवकडे होती. देवपुजारींनी सीमांतपूजन चालू असताना त्याला फोनवरून बटणं दाबायला लावली. संजीव पेशाने हाडांचा डॉक्टर. त्याने जे दिसलं ते सगळं दाबलं. सर्व्हर उठला नाही, फक्त घराचा हीटर बंद झाला. साइट एकोणीस दिवस बंद राहिली.

परत आल्यावर मृणालिनीबाईंना पार्सिपनीच्या आश्लेषाची ईमेल सापडली. ती नाचाचे वर्ग घ्यायची आणि तिला बावीस नऊवाऱ्या हव्या होत्या. साइट उघडेना म्हणून तिने दुसरीकडून घेतल्या होत्या. शेवटी लिहिलं होतं, तुम्ही धंदा बंद केलात हे कळलं, फार वाईट वाटलं. मृणालिनीबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. आपल्या जिवंतपणी आलेलं सांत्वनपत्र माणूस दोनदाच वाचतो.

मार्चमधल्या एका दुपारी, नवरा कॉलेजात असताना, त्यांनी लोकांच्या साइट आपल्या मशीनवर ठेवणाऱ्या एका होस्टिंग कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने प्रत्येक वाक्यात एकदा मॅम म्हणत तासाभरात साइट हलवून दिली. फक्त पासवर्ड लागला. देवपुजारींनी तो कागदावर लिहून देवघराच्या मागच्या बाजूला चिकटवला होता, देवाखेरीज कुणाला दिसणार नाही म्हणून. त्या घरात पूजा कोण करतं, हा विचार त्यांनी केला नव्हता.

विनीता सोडून कुणालाही हे सांगितलं नाही. नवऱ्याला कळणं अवघड होतं, कारण ते रोज सकाळी खाली जाऊन बेसमेंटमधल्या मशीनवरच जुनी साइट उघडून बघायचे, आणि ती व्यवस्थित चालत होती. ऑर्डरी तर आधीपासूनच बाईंच्या ईमेलवर यायच्या. साइटला दिवसाला तीन-चारच लोक भेट देतात हे मात्र त्यांच्या लक्षात आलं. घरांचे भाव पडलेत, बायका नऊवारी कुठून घेणार, असं त्यांनी स्वतःचं समाधान केलं. त्या तीन-चारांतल्या दोन भेटी त्यांच्या स्वतःच्याच होत्या. अधूनमधून ते विचारायचे, नवे फोटो टाकायचेत का? बाई म्हणायच्या, सध्या नाहीत. तेवढ्या वेळापुरतं त्यांना अपराधी वाटायचं. मग नवी ऑर्डर यायची.

ऑगस्टमध्ये दुपारी तीनला वादळ आलं. कोपऱ्यावरचं झाड तारांवर पडलं आणि अख्ख्या वस्तीची वीज गेली. बॅटरी वीस मिनिटं केकाटली आणि गप्प झाली. बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा पंपही विजेवरचाच, त्यामुळे तोही थांबला. पाणी जमिनीतून वर येऊ लागलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून देवपुजारी बादलीने पाणी काढत राहिले, पण पाणी पाटावर चढलं आणि मग सर्व्हरच्या पोटात शिरलं. गणपती तीन आठवड्यांवर आले होते.

मृणालिनीबाई टॉर्च घेऊन जिन्यावर उभ्या होत्या. देवपुजारींनी बादली खाली ठेवली.

‘‘मृणाल, तुझा धंदा बुडाला गं,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्यामुळे बुडाला.’’

त्याच क्षणी बाईंचा सेलफोन वाजला. आश्लेषाचा होता; धंदा चालू असल्याचं बाईंनी तिला मागेच कळवलं होतं. तिने आताच साइटवरून चौदा नऊवाऱ्यांची ऑर्डर दिली होती, आणि त्यातल्या एका मीडियमचं लार्ज करायचं होतं. बेसमेंट शांत, आवाज मोठा. देवपुजारींनी सगळं ऐकलं.

‘‘आता? कुठल्या साइटवरून?’’

‘‘आपल्याच. चालू आहे ती,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मार्चपासून इथे नाहीच आहे.’’

देवपुजारींनी पाण्यातल्या सर्व्हरकडे बघितलं.

‘‘मग मी काय सांभाळत होतो?’’

बाईंनी टॉर्च पायरीवर ठेवला आणि बादली उचलली.

चार दिवस ते बोलले नाहीत. वीज आली, पाणी उपसलं, विमेवाला येऊन फोटो काढून गेला. पाचव्या दिवशी सकाळी चहा घेताना ते एकदम म्हणाले, ‘‘माझी नोकरी पुण्याला गेली तेव्हा निदान मला मीटिंगला बोलावलं होतं.’’

‘‘बोलावलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.’’

‘‘तिथेही नाहीच म्हणालो होतो.’’

बाईंनी कप खाली ठेवला. ‘‘लपवलं ते चुकलं माझं. त्याची माफी मागते. हलवलं त्याची नाही मागणार.’’

देवपुजारींनी चहा संपवला. मग त्या कंपनीचा नंबर मागितला.

फोन करण्यामागे हेतू शुद्ध होता: त्यांच्यात खोट काढणे. त्यांनी कॉलेजातून रजा घेतली आणि वही समोर ठेवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. वीज गेली तर काय? जनरेटर आहे. जनरेटर बंद पडला तर? दुसरा आहे. पूर आला तर? मशीन तिसऱ्या मजल्यावर आहेत. देवपुजारींनी ‘तिसरा मजला’ असं वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. मग त्यांनी विचारलं, साइटची दुसरी प्रत घेता का? रोज घेतो, सर. ती परत बसवून कधी बघितली आहे?

फोन वरिष्ठाकडे गेला, त्याच्याकडून आणखी वरिष्ठाकडे. दुपारी त्यांचा उलट फोन आला. प्रती रोज घेतल्या जात होत्या हे खरं, पण गेल्या दोन महिन्यांच्या सगळ्या कोऱ्या निघाल्या होत्या. ते दिलगीर होते आणि तातडीने दुरुस्त करत होते.

देवपुजारी स्वयंपाकघरात आले ते हसतच. वादळानंतर पहिल्यांदा. बाईंना त्यांनी सगळा संवाद नकलांसकट ऐकवला, विनीता आल्यावर तिलाही पुन्हा. त्या दिवसापासून साइट कंपनीकडे राहिली, पण दर रविवारी तिची एक प्रत ते स्वतः घरी उतरवून घेऊ लागले, आणि ती चालते की नाही तेही बघू लागले. शिसवी पाट उन्हात वाळवला. सर्व्हर कचऱ्याच्या गाडीने पहिल्या आठवड्यात नेला नाही, दुसऱ्या आठवड्यात नेला.

विनीताच्या पोटात काही राहत नसल्यामुळे ही बातमी मंडळात पोचली. २००८च्या वसंतात मंडळाने छोट्या उद्योजकांसाठी एक कार्यक्रम ठेवला आणि देवपुजारींना बोलावलं. विषय: वेबसाइट घरी ठेवावी की बाहेर द्यावी? त्यांना वीस मिनिटं दिली होती, ते पन्नास मिनिटं बोलले. मागच्या रांगेत दोघं झोपले. पण मुद्दे सरळ होते. मशीन सांभाळणं हा तुमचा धंदा नसेल तर बाहेर द्या. साइटचं नाव मात्र स्वतःच्या नावावर नोंदवा, पासवर्डची किल्ली स्वतःकडे ठेवा, आणि एक प्रत घरी ठेवा.

पहिला हात वर केला तो डेंटिस्ट विनय गोखल्यांनी. साइट बाहेर देऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. तिच्यावर दुसऱ्याच कुणा डेंटिस्टचा हसरा फोटो दिसतो, आणि साइटचं नाव कुणाच्या नावावर आहे हे सांगायला कंपनीतलं कुणी फोनच उचलत नाही, असं ते म्हणाले. लोक हसले. देवपुजारी हसले नाहीत. त्यांनी वही काढून कंपनीचं नाव लिहून घेतलं आणि सोमवारी सकाळी किती वाजता मोकळे असता ते विचारलं.

ती साइट सोडवून घ्यायला त्यांना सहा आठवडे लागले. आता तिथल्या फोटोत गोखलेच हसतात.