केस पिकलेला नवा

नवेकाका चप्पल पायात घालण्याआधी उलटी करून आपटतात. घरीसुद्धा. चहाचा पहिला घोट नुसता ओठांना लावून बघतात, मीठ तर नाही ना. बसण्याआधी खुर्ची हलवून पाहतात. कुणी पाठीवर थाप मारली की हात आपोआप मागे जातो, शर्टाला काही चिकटवलंय का ते चाचपायला. आणि कुणी हसायला लागलं, की कशावर ते कळायच्या आत स्वतःही हसतात.

काकू म्हणतात, "लग्न ठरवताना एवढी तपासणी केली नव्हती यांनी."

काका अग्निशमन केंद्रात जवान आहेत. मी तिथे फोन घेतो. त्यांचं वय माझ्या दुप्पट. पण ते लागले आणि जवानांची भरतीच बंद झाली. म्हणून कानांवरचे केस पिकले तरी ते नवेच राहिले. मी फोनवाला, माझी गणती जवानांत नाही.

नव्याची एक रीत आहे. खोटी घंटा वाजवायची. नवा धावत येऊन बुटांत पाय घालतो. बुटांत साबणाचं पाणी. फचाक. सगळे पोट धरून हसतात. पुढचा नवा आला, की आधीच्याने त्याचे बूट भरायचे आणि जुन्यांत जाऊन बसायचं. जुन्यांना जेवायला खिडकीजवळची जागा मिळते, पाइप धुवावे लागत नाहीत. पुढचा येईना, म्हणून पाणी काकांच्याच बुटांत. अधूनमधून, रीत मोडू नये म्हणून.

"घरच्यांचीच मस्करी करतात, नव्या," बंबाचे ड्रायव्हरदादा म्हणायचे. "परक्याच्या बुटाला कोण हात लावतो?"

आणि काकूंच्या ऑपरेशनला रक्त द्यायला हीच मंडळी आली होती. दादा सर्वांत आधी. अशांची तक्रार करायची तरी कुणाकडे?

एकदा बूट भरून ठेवले आणि खरीच घंटा वाजली. काका तसेच गेले. आगीजवळ बुटांतलं पाणीही तापलं. घोट्यांची कातडी निघाली. घरी सांगितलं, चहा सांडला.

"दोन्ही पायांवर?" काकू म्हणाल्या. "मग कप कुणी धरला होता?"

मागच्या आठवड्यात बदली होऊन एक बाई जवान आल्या. काकांना आनंद लपवता येईना. खिडकीजवळची कोणती खुर्ची घ्यायची, तेही त्यांनी हेरून ठेवलं.

दुपारी बाई आत जेवायला बसल्या तेव्हा दादांनी अंगणात बादली आणली. काकांच्या हातात दिली.

"चला नवरदेव, मोकळे व्हा."

सगळे दाराआड उभे. मीही. काकांनी बाईंचा एक बूट अर्धा भरला. मग थांबले. बूट लहान होता. त्याच्याकडे बघत राहिले.

"काय रे, पाणी गाळून भरतोयस का?" दादा म्हणाले.

एक-दोघं हसले. मी सवयीने काकांकडे पाहिलं. ते हसले नव्हते.

"खरी वाजली तर?"

"नाही वाजत रे."

"माझ्या वेळी वाजली होती."

"ते आपलं चुकून झालं."

"चुकूनच. मी कुठे म्हणतो मुद्दाम?"

दादा म्हणाले, "बघ हं. रिटायर होईपर्यंत पाइप धुशील."

"धुतो की. हात बसलाय."

काकांनी बादली खाली ठेवली. बूट उलटा करून पाणी ओतलं, आतून फडक्याने पुसला, उन्हात ठेवला. आणि खरंच पाइप धुवायला गेले. मी दारातच उभा राहिलो. आत फोन वाजत होता, तो मला उशिराच ऐकू आला.

बादली अजून अंगणाच्या मधोमध आहे, काठोकाठ नाही, पण बरीच भरलेली. ती कुणी उचलत नाही. जाणारे-येणारे वळसा घालतात. काल दादांनी बंबसुद्धा जरा तिरका काढला.