सवण्याखालची खोली

आमच्या घरात गाण्याला खोली मिळाली ती धान्याची, आणि तीही एका अटीवर. थोरले काका कोर्टात कारकून होते. घरातही त्यांचं सगळं अटीशर्तींवरच चालायचं. बोळात सूर ऐकू आला, की त्याच दिवशी पेटी माळ्यावर आणि पोरगी चुलीपुढे, असं त्यांनी बाबांना बजावलं होतं. मी तेव्हा बारा वर्षांची. गाणं सुटलं तर आपण जगणार नाही, अशी माझी खात्री होती. त्या वयात माणूस मरायला फार लवकर तयार होतं.

बाबा शाळामास्तर. हौस मोठी, खिसा लहान. मंद्रूपच्या बाजारातून त्यांनी एका धनगराकडची विरलेली घोंगडी उचलून आणली. ही आता पांघरायच्या कामाची न्हाईत मास्तर, असं तो बिचारा सांगत होता. बाबा म्हणाले, आमच्या भिंतींना थंडी वाजते. पलीकडच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरणीनं मागावरून कापून टाकलेल्या सुताच्या दशा पोतंभर दिल्या. बाबांनी गोणपाटात त्या कोंबून गाद्या शिवल्या, भिंतींना ठोकल्या, वरून घोंगडी टांगली. दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. कडी वाजते म्हणून तिलाही चिंधी बांधली. मग मला आत गायला बसवून स्वतः बोळात कान देऊन उभे राहिले. परत आले ते हसतच. भिंती मुक्या झाल्या म्हणाले.

आत मी मेंढीच्या पोटात बसल्यासारखी बसायची. लोकरीला विणताना दिलेल्या चिंचोक्याच्या खळीचा जुना, उबट वास होता. सूर लावला की तो भिंतीपाशी जायचा, लोकरीत शिरायचा आणि परत यायचा नाही. दुपारी चारचं ऊन तेवढं सवण्यातून तिरपं खाली उतरायचं. सवणं म्हणजे धाब्याच्या मातीच्या छताला उजेडासाठी ठेवलेलं गोल भोक. त्या उन्हात सुताचे बारीक तंतू तरंगत राहायचे, खाली येतच नसत. मी त्यांच्याकडे बघत गायची. कधी गात होते आणि कधी नुसतीच बघत होते, ते आज विचाराल तर मला सांगता येणार नाही.

माझी आत्या कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आलेली. दुपारभर ती धाब्यावर वाळवण राखत बसायची. बोलायची फार कमी. एकदा गहू निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "वरचा सा चोरून लावतेस तू. भितेस काय कुणाला?" मला वाटलं, बाबांनीच तिला सांगितलं असेल.

मग कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि काका दिवसभर घरी राहू लागले. पावसाआधी धाब्यावर पांढरी माती टाकावी लागते. ती कुठं कमी पडलीय ते बघायला एका दुपारी ते शिडी चढले. खाली मी वरच्या सा-वर होते. एकाएकी खोलीत काळोख झाला. समोरचे तंतू, ऊन, सगळं पुसलं गेलं, आणि मी घाबरून थांबले.

संध्याकाळी कळलं. शिडी करकरताच आत्यानं बसायचं घोंगडं दुमडून सवण्यावर टाकलं होतं आणि कुरडयांची परात मांडीवर घेऊन ती त्यावर बसून राहिली होती. काका माती बघून उतरले. तेव्हा कुठे बाबांच्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीला भोक पडलं तर सगळ्यांना दिसतं. छताला ठेवलेलं भोक म्हणजे आमच्याकडे उजेड. शेजारी त्या वेळी गिरणीत असायचे म्हणून इतके दिवस निभावलं. रोजचं माझं गाणं सवण्यातून वर जात होतं, ते एकट्या आत्याकडे.

दुसऱ्या दिवशीही खोली काळोखीच होती. मी वर गेले. घोंगडं तिथंच होतं आणि त्याच्या कडा तिनं ओल्या मातीनं लिंपून टाकल्या होत्या.

"काढ की ते," मी म्हटलं. "तुला ऐकू येणार नाही."

"पुष्कळ ऐकलं," ती म्हणाली. "दादा महिनाभर घरी आहे. तुझं गाणं राहिलं पाहिजे."

मला रडूच कोसळलं. मी तिचा हात धरून तिला खाली आणलं, खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं. चाचपडत पेटी शोधली, सा धरला, पण हुंदके थांबेनात. सूर काही फुटेना.

तेव्हा त्या काळोखात वरचा सा लागला. चोरून लावलेला नव्हता तो. किती वर्षं ती तो जपून बसली होती कोण जाणे. नंतर ती कितीतरी वेळ गात राहिली आणि मी भाता हलवत राहिले. इतकं सुख मला पुढं माझ्या स्वतःच्या गाण्यानं कधी दिलं नाही.

दार उघडलं तेव्हा बाबा बोळातून आत येत होते. आत्या मान खाली घालून कुरडया उलटायला शिडीकडे गेली.

"आज गायला बसली नाहीस का गं?" मला या वेळी दारात बघून बाबांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, आज मी गायले नाही.